मुरुमांवरचे औषध आणि वासांची वही

आयसोट्रेटिनॉइन सुरू करून नववा आठवडा चालू असताना एका सकाळी मी शेगडीपासून दोन हातांवर उभी होते, दूध तळाला लागून करपत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आतल्या खोलीतून बहीण धावत आली ती वासानेच. मला मात्र भांड्यातून वर येणारा धूर दिसला तेव्हा कुठे काय घडते आहे ते उमगले. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचार केला, तेव्हा लक्षात आले की गेले तीन-चार आठवडे साबणाचा, ओल्या टॉवेलचा, नव्या पुस्तकाचा वास मला फारसा जाणवलाच नव्हता. वास हळूहळू कमी होत जातो तेव्हा तो गेल्याचे कळत नाही. एक डोळा झाकला तर लगेच समजते, पण नाकाने काम थांबवले तर माणूस आजूबाजूला वासच नाही असे समजून चालतो.

मी घेत होते ते औषध चेहऱ्यावर आणि पाठीवर गाठी, गळवे व व्रण करणाऱ्या तीव्र मुरुमांसाठी दिले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९८२ मध्ये मान्यता दिली आणि आजही त्याच्या तोडीचे दुसरे औषध या आजारावर नाही, हे मी माझ्या त्वचेच्या अनुभवावरून कृतज्ञतेने सांगू शकते. माझे वजन ६० किलो. रोज ३० मिलिग्रॅमची मात्रा आणि वजनाच्या दर किलोमागे एकूण १२० मिलिग्रॅम, म्हणजे ७२०० मिलिग्रॅम पोटात जाईपर्यंत उपचार, असा २४० दिवसांचा हिशेब त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत मांडून दिला होता. ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील, नाकातून रक्त येऊ शकेल, रक्तातील चरबी आणि यकृत अधूनमधून तपासावे लागेल, गर्भाला गंभीर व्यंग होण्याचा धोका असल्यामुळे या काळात आणि औषध थांबल्यावरही एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागेल, हे सगळे त्यांनी समजावून सांगितले होते. वासाचा विषय त्या संभाषणात निघाला नाही. मीही विचारले नाही, कारण त्वचेवरच्या गोळीचा नाकाशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

संबंध मात्र जवळचा आहे. आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले द्रव्य आहे. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग रेटिनॉइक आम्लाच्या दुसऱ्या रूपात बदलतो आणि ते रूप पेशींच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुके चालू राहावीत व कोणती बंद व्हावीत यावर परिणाम करते. तैलग्रंथींच्या पेशी त्यामुळे मरतात, ग्रंथी आक्रसतात आणि त्वचेवरील तेल ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. पण हाच रेटिनॉइक आम्लाचा संकेत नाकाच्या छतालगत असलेल्या घ्राणपटलातही, म्हणजे वास टिपणाऱ्या अस्तरातही, लागतो. तेथील चेतापेशींची गोष्ट विलक्षण आहे. मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, पण वास टिपणाऱ्या चेतापेशी आठवड्यांच्या-महिन्यांच्या अंतराने मरतात आणि पटलाच्या तळाशी असलेल्या मूळपेशींपासून त्यांच्या जागी नव्या तयार होतात. त्या मूळपेशींनी वेळेवर आणि योग्य प्रमाणात नव्या पेशी घडवाव्यात यासाठी रेटिनॉइक आम्ल आवश्यक असते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत वासाची जाणीव मंदावते ती बहुधा याच कारणाने.

येथे मी बराच काळ अडखळले. जे द्रव्य नाकाला हवे असते, त्याच्याच जातीचे औषध घेताना माझे नाक मंद का व्हावे? वाचत गेले तसे मन अधिकच अस्वस्थ झाले, कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात याच औषधाने मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागातील नव्या पेशींची निर्मिती घटल्याचे दिसले होते. कमी झाले तरी बिघाड आणि जास्त झाले तरी बिघाड, अशी या संकेताची जात आहे. रात्री अडीच वाजता अशा प्रयोगांची वर्णने वाचून माणूस स्वतःचे निदान स्वतःच करून टाकतो. मी केलेच होते: माझ्या घ्राणपटलातल्या मूळपेशी संपल्या. उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या नाकाकडे मारलेली ती उडी चुकीची होती, हे कान-नाक-घसातज्ज्ञांनी वीस मिनिटांत दाखवून दिले.

त्यांनी आधी नाकात दुर्बीण घातली. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर वाळलेल्या रक्ताचे पापुद्रे होते आणि आतला श्लेष्मल थर चकाकण्याऐवजी निस्तेज दिसत होता. नंतर त्यांनी वासाच्या पेनांची चाचणी घेतली. फेल्ट पेनासारख्या दिसणाऱ्या, शाईऐवजी गंधद्रव्य भरलेल्या या पेनांच्या चाचणीचे तीन भाग असतात: वास किती फिका असला तरी कळतो, दोन वासांतला फरक कळतो का, आणि वास ओळखता येतो का. प्रत्येक भागाला १६, म्हणजे एकूण ४८ गुण. फरक ओळखणे आणि नाव सांगणे या दोन्हींत मी व्यवस्थित उत्तीर्ण झाले, पहिल्या भागात मात्र फार मागे पडले. डॉक्टरांचे म्हणणे असे की पहिला भाग बव्हंशी नाकाची स्थिती सांगतो, तर उरलेल्या दोहोंत मेंदूचे काम अधिक असते. वास माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता, पण पोहोचला की मी तो अचूक ओळखत होते.

पोहोचत का नव्हता, हे त्यांनी ज्या साधेपणाने सांगितले ते मला येथे नोंदवून ठेवायचे आहे. हवेतला गंधाचा रेणू थेट चेतापेशीला भिडत नाही. घ्राणपटलावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो, त्यात तो आधी विरघळावा लागतो, आणि मग चेतापेशींच्या केसाळ टोकांवरील ग्राहकांपर्यंत, म्हणजे गंध पकडणाऱ्या प्रथिनांपर्यंत, जातो. माणसाकडे अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत आणि त्यांच्या जनुकांचा शोध १९९१ मध्ये लागला, ज्यासाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राहक कितीही कुशल असले तरी वरचा थर सुकला, नाकाचा मार्ग पापुद्र्यांनी अडला, तर रेणू त्यांच्यापर्यंत जाणार कसा? ओठ फोडणारे औषधच नाकाचा अस्तरथर सुकवत होते. जेवणाची चव मिळमिळीत लागण्याचे कारणही हेच होते, कारण आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा घास चावताना घशामागून वर नाकाकडे जाणारा वास असतो. गोड, खारट, आंबट, कडू मला पूर्वीइतकेच कळत होते.

उपचार अगदी साधा होता: दिवसातून चार वेळा नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, रात्री पाण्यात विरघळणारी जेल, आणि नाक खरवडायचे नाही. त्याचबरोबर त्वचारोगतज्ज्ञांनी मात्रा ३० वरून २० मिलिग्रॅमवर आणली, त्यामुळे एकूण उपचार सुमारे अडीच महिन्यांनी लांबला. हा निर्णय त्यांनी घेतला, मी नाही, हे मुद्दाम सांगते, कारण स्वतःच गोळी थांबवण्याचा मोह मला दोनदा झाला होता.

याहून घातक असा आणखी एक मोह होता. ‘अ’ जीवनसत्त्वाने वास परत येतो असे वाचल्यावर त्याच्या गोळ्या घ्याव्यात असे मला वाटू लागले होते. ही कल्पना जुनी आहे: १९६२ मध्येच वास गेलेल्या रुग्णांना ‘अ’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन पाहिल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. २०१२ च्या एका चाचणीत रोज १०,००० एककांच्या गोळ्या तोंडाने देऊन काहीच फायदा दिसला नाही. २०१७ च्या एका अभ्यासात तेवढीच मात्रा आठ आठवडे थेंबांच्या रूपाने थेट नाकात दिली, तेव्हा संसर्गानंतर वास गेलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांत सुधारणा झाली, तर केवळ गंधाभ्यास, म्हणजे ठरावीक वास रोज लक्ष देऊन हुंगण्याचा सराव, करणाऱ्यांत ती २३ टक्के होती. पण ही सगळी माणसे आयसोट्रेटिनॉइनवर नव्हती. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना वरून ‘अ’ जीवनसत्त्व घेतले तर दोहोंचा विषारी परिणाम एकमेकांत मिसळतो, म्हणून ते घ्यायचेच नसते. मुरुमांसाठीच दिली जाणारी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकेही याच्या जोडीने घेत नाहीत, कारण कवटीतील दाब वाढण्याचा धोका असतो. वास कमी होण्याबरोबर सतत डोके दुखणे, मळमळणे किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर ते कोरड्या नाकाचे लक्षण समजून घरी थांबू नये.

गंधाभ्यास मात्र मी आनंदाने केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकाकडे काही क्षण पूर्ण लक्ष देऊन, अशी २००९ मध्ये मांडली गेलेली पद्धत आहे आणि त्या मूळ अभ्यासात ती १२ आठवडे चालवली होती. मी त्यासाठी एक वही केली. दर रविवारी डोळे मिटून बसायचे, बहिणीने चार बाटल्या उलटसुलट क्रमाने नाकाखाली धरायच्या, आणि मी प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. वासाच्या बाबतीत आपली स्वतःबद्दलची समजूत फार अविश्वसनीय असते, हे या वहीने मला शिकवले. ज्या रविवारी मला अगदी बरे वाटत होते, त्या दिवशी गुण खाली होते, आणि ज्या दिवशी मी रडकुंडीला आले होते, त्या दिवशी लवंग तीनवरून पाचवर गेली होती. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या आठवड्याची नोंद या वहीत असायला हवी होती. ती नसल्यामुळे माझे मूळचे दहा म्हणजे नेमके किती, हे मला कधीच कळणार नाही. औषध सुरू करणाऱ्या प्रत्येकाने पहिली गोळी घेण्याआधी ही दहा मिनिटे द्यावीत, असे मला मनापासून वाटते.

वही चाळताना एक गोष्ट उशिरा लक्षात आली. चौदाव्या आठवड्यात मी लिहिले होते: “तीन दिवस केस धुतले नाहीत, तरी उशीला वास नाही.” मी हे नाक बिघडल्याचा पुरावा म्हणून लिहिले होते. पण उशीला वास खरोखरच नव्हता. टाळूवरचे तेल आटले होते, आणि त्या तेलावर वाढून त्याचे विघटन करणाऱ्या जिवाणूंना खायला फारसे काही उरले नव्हते. बहिणीला उशी हुंगायला दिली, तेव्हा तिलाही काही कळले नाही. माझ्या तक्रारीचा एक भाग नाकाचा नव्हताच, जगातून एक वास खरोखरच कमी झाला होता.

शेवटची गोळी घेतल्यानंतर पाचव्या रविवारी लवंगेला मी नऊ गुण दिले. औषधाचा अंश शरीरातून काही दिवसांतच ओसरतो, त्यामानाने नाकाला थोडा अधिक वेळ लागला. उशीच्या अभ्र्याला केसांचा जुना, किंचित तेलकट वास मात्र चौथ्या महिन्यात आला. त्या सकाळी मी बहिणीला हाक मारून तो अभ्रा तिच्या नाकाशी धरला, आणि तिने मान डोलावल्यावर वहीत तारीख लिहिली.