तालमीशिवाय बुकिंग नाही: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा साउंड आणि व्हिडिओ शूटिंगचा. पुण्यात नारायण पेठेत एक गाळा, त्यात मिक्सर, कॅमेरे आणि माइकच्या पेट्या. लग्नं-मुंजी होत्याच, पण घर चालायचं ते व्याख्यानांवर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या गावात माइक लावणाऱ्याला कामाची ददात नसते. एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन, टिळक स्मारक. कुठे स्पीकर कसा ठेवला की माइक शिट्टी मारतो, हे आम्हाला पाठ होतं.

मार्च २०२० मध्ये सभागृहांना कुलपं लागली. काही दिवसांनी एका जुन्या ग्राहक संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला, "अहो, तुम्ही साउंडवाले ना? मग आमची व्याख्यानमाला त्या झूमवर घेऊन द्या." हो म्हटलं. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांनी मीटिंग तुटते आणि आपल्याकडे तेवढ्यात जेमतेम पाहुण्यांचा परिचय संपतो. त्यामुळे पहिली खरेदी पैसे भरून घेतलेल्या खात्याची झाली.

तिथून पुढे धंदा उभा राहिला तो एका अटीवर: आदल्या दिवशी तालीम. त्याच वेळेला, त्याच खोलीतून, त्याच लॅपटॉपवर अर्धा तास. ज्येष्ठ वक्त्यांना हे झेपायचं नाही. "इतकी वर्षं बोलतोय, मला तालीम?" आमचं उत्तर ठरलेलं असतं: "सर, तालीम तुमची नाही, तुमच्या खोलीची आहे."

आणि ती खोलीचीच असते. संध्याकाळी सहाला खिडकीतून ऊन थेट चेहऱ्यावर येतं, शेजारच्या स्वयंपाकघरात कुकर लागतो, घरातली सगळी मंडळी एकाच वायफायवर सिनेमे बघत असतात. वक्त्याचं घर मुठेच्या पात्राजवळ असेल, तर गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव. अशा वेळी आम्ही कार्यक्रम सरळ रविवारी सकाळी अकराला ढकलतो. गुरुवार शक्यतो टाळतो, कारण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा पुण्यातला वार तोच. (दुपारी एक ते चार का टाळतो, हे पुणेकरांना सांगायला नको.)

विजेवरून आठवलं. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे," असं सांगून लोक निर्धास्त होतात. लॅपटॉप चालतो, राउटरही चालतो, पण जिन्यातल्या इंटरनेटच्या डब्याला बॅकअप नसला तर त्याचा काय उपयोग? म्हणून तालमीत आम्ही घराचं नेट मुद्दाम बंद करायला लावतो आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून मोबाइल हॉटस्पॉटवर किती सेकंदांत परत येता येतं ते बघतो. शक्य तिथे वायफाय सोडून लॅन केबल. शिवाय सूत्रसंचालक वक्त्याच्या घरी बसवत नाही. एकाच घरातलं नेट गेलं तर दोघंही एकदम गायब होतात.

गाण्याच्या सप्रयोग व्याख्यानांनी मात्र आम्हाला खरं कामाला लावलं. झूमचं सॉफ्टवेअर सतत चालणारा आवाज पंख्याचा समजून दाबतं, आणि तानपुरा तर सतत चालणाराच. पहिल्याच तालमीत गायिका विचारतात, तानपुरा कुठे गेला? त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' (आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवायचं झूममधलं सेटिंग) सुरू करायचा, वेगळा माइक लावायचा आणि गाणाऱ्यांना हेडफोन द्यायचे, नाहीतर प्रतिध्वनी येतो. साउंडवाले असल्याचा फायदा इथे झाला. नुसते संगणकवाले सेटिंग शोधायचे, आम्ही कान लावायचो.

कार्यक्रमाच्या आखणीतही आम्ही नाक खुपसतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, परिचयाला उत्तर... प्रत्यक्ष सभागृहात उठून जायला माणूस लाजतो. घरी एक बटण दाबलं की संपलं. त्यामुळे परिचय नोंदणीच्या मेसेजमध्ये आणि वक्ता पाचव्या मिनिटाला बोलता. नोंदणी केलेल्यांपैकी निम्मे आले तरी आम्ही खूश. लिंक मात्र आदल्या दिवशी, तासभर आधी आणि दहा मिनिटं आधी अशी पुन्हा पुन्हा पाठवतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. प्रश्न माझी बायको बघते. 'प्रश्न नाही, निवेदन आहे' अशी सुरुवात दिसली की ती चिठ्ठी पुढे जात नाही.

रेकॉर्डिंग आमच्या लेखी थेट कार्यक्रमाइतकंच महत्त्वाचं. ते क्लाउडबरोबर संगणकावरही घेतो आणि प्रत्येक बोलणाऱ्याचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये. मधेच कोणी खोकलं तर तेवढाच काढता येतो. वक्त्याचा छोटा चौकोन स्लाइडची शेवटची ओळ झाकत नाही ना, हेही तालमीतच बघून घेतो. मीटिंग संपल्यावर फाइल तयार होईपर्यंत लॅपटॉपला हात लावायचा नाही. मग सुरुवातीचं "आवाज येतोय का?" कापून यूट्यूबवर टाकायचं आणि खाली विषयवार वेळा द्यायच्या. पहिली वेळ ०:०० आणि किमान तीन नोंदी असल्या की त्याचे आपोआप भाग पडतात. प्रेक्षकांची नावं आणि चेहरे आम्ही ठेवत नाही.

आता सभागृहं पुन्हा भरतात आणि परदेशातल्या मुलानातवंडांसाठी तोच कार्यक्रम ऑनलाइनही लागतो. मिक्सरच्या ऑक्समधून, म्हणजे आवाज बाहेर द्यायच्या जादा जोडणीतून, आवाज थेट लॅपटॉपला द्यायचा, सभागृहातला लॅपटॉपचा माइक वापरायचा नाही, एवढं सांभाळलं की अर्धं काम झालं. दरपत्रकात तालमीचे पैसे आम्ही वेगळे दाखवत नाही. दाखवले की घासाघीस करताना लोक पहिल्यांदा तीच ओळ कापायला सांगतात.