दोरी

रविवार, ९ जून

सासूबाईंना येऊन तीन आठवडे झाले. पवनचक्क्या पाहून झाल्या, तीन दुकानांतलं चीज चाखून प्रत्येक ठिकाणी "बरां आसा" म्हणून झालं. आज एन्कहाउझनचं झाउडरझे संग्रहालय. आम्सटरडॅमहून तासाभराची गाडी, अगदी शेवटचं स्टेशन, मागून बोट. नवऱ्याचं मत, "जुनी घरंच असणार." घरंच आहेत, पण आसपासच्या मच्छीमार गावांतून उचलून आणून वसवलेली, शंभराहून जास्त.

उतरल्यावर बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या दिसल्या. मी फलक वाचायला लागले, तोवर सासूबाई म्हणाल्या, "चुन्याची भट्टी." खरंच, शिंपले भाजून चुना करायच्या भट्ट्या. बाई वेंगुर्ल्याच्या, त्यांना कसला फलक!

या गावांचा समुद्र, म्हणजे झाउडरझे, गेला कुठे, ते नवऱ्यानं सांगितलं. १९१६ साली मोठा पूर आला, मग बत्तीस किलोमीटरचा बांध घालून १९३२ साली समुद्राचं तोंडच बंद केलं. खाऱ्याचं गोडं झालं. हेरिंग मासे गेले, त्यांच्यावर जगणारी गावं बसली.

"दर्याक बांध घातल्यानी?" सासूबाई थांबल्या. "मगे मासे?"

नवरा म्हणाला, ईल राहिले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नंतर बराच वेळ पाण्याकडे बघत चालत होत्या.

धोबीघर भराभर उरकलं, आणि दोर वळायच्या जागी मात्र तासभर अडकलो. एका टोकाला हँडलचं यंत्र, त्याच्या तीन आकड्यांना तागाचे तीन पदर. दुसऱ्या टोकाला तिन्ही पदर एकाच आकड्यात, आणि तो आकडा एका ढकलगाडीवर. लेकीनं हँडल फिरवलं. पीळ बसेल तसे पदर आखडतात, गाडी आपोआप पुढे सरकते. मग तीन खाचांचा लाकडी ठोकळा पदरांमध्ये धरून चालत जायचं. त्याच्या मागे पदर एकमेकांवर उलटा पीळ घेत जातात. सुलट पिळावर उलटा पीळ, म्हणून दोर सुटत नाही. मला हे आज कळलं. इंजिनियर आहे मी.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्यां तर सुंभच वळतत. ह्येका यंत्र कित्याक होया?"

आणि तिथला एक सुटा पदर उचलून, दुमडून, दोन तळव्यांमध्ये सर्रकन वळून दाखवला. वळणाऱ्या डच आजोबांनी तो हातात घेऊन ओढून पाहिला, तुटेना. मग त्यांनीच हात पुढे केला, पुन्हा दाखवा म्हणून. भाषेची अडचण आम्हालाच होती, त्या दोघांना नव्हती. लहानपणी नारळाच्या कुजवलेल्या सोडणांचा काथ्या बडवून आपण सुंभ वळायचो, हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

लेकीला मग नवऱ्यानं गोष्ट सांगितली: याच गावात वाढलेला यान हाउखन फान लिन्सखोटन १५८३ साली गोव्याला आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून गेला, आणि परत येऊन माडाबद्दल, काथ्याच्या दोरांबद्दलही लिहिलं त्यानं. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिच्या सहा शाखांपैकी एक इथे होती. "म्हणजे आमच्या वखारीतले," सासूबाई म्हणाल्या. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार त्यांना तोंडपाठ. "तेंचा घर बघूक आपण इलव तर." एवढं म्हणून बाईंनी विषय संपवला.

धुरावलेला ईल घेतला. एक घास खाल्ला आणि निकाल: "वामच. पण कोकम व्हया होता." उरलेला घरी न्यायचं ठरलं. गाडीत डबाभर वास सुटला, समोरची बाई खिडकीकडे सरकली. लेकीनं आपली दोरी काढून पिशवीचं तोंड घट्ट आवळलं, आजीनं गाठ सोडवून पुन्हा नीट मारली. वास तरीही आलाच.