अंगठा, लुगडं आणि माझ्या टिकल्या

आमची लेक साडेचार वर्षांची, आणि उजवा अंगठा चोखायची सवय पोटात असल्यापासूनची, खरंच, सोनोग्राफीतच तोंडात दिसला होता आणि तेव्हा आम्ही काय कौतुक केलेलं त्याचं! आता त्याच अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडलाय आणि सकाळी बघावं तर कातडी पांढरी, सुरकुतलेली, तासभर धुणं धुतल्यासारखी.

उपाय सांगायला सगळे तयार. शेजारच्या काकू म्हणाल्या मिरची लावा. नको बाई, तोच हात डोळ्याला गेला म्हणजे? मग सासूबाईंनी कारल्याचा रस लावला. एरवी जेवायच्या आधी हात धू म्हणून दहा वेळा ओरडावं लागतं, ही गुपचूप बेसिनवर गेली, साबणाने चोळून हात धुतले आणि येऊन परत अंगठा तोंडात. सासूबाई हसत म्हणाल्या, "ह्याचा तर दुसरीपर्यंत होता." ह्याने लगेच मोबाईलमध्ये डोकं घातलं. सहा वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं!

डेंटिस्टकडे नेलं. मागचे दात मिटले तरी पुढच्या दातांत फट राहते तिच्या, तो अंगठ्याचाच आकार. बरीच मुलं दोन ते चार वर्षांत आपोआप सोडतात म्हणे, आणि कायमचे दात सहाव्या वर्षाच्या आसपास यायला लागतात, त्याच्या आत सवय गेली तर फट बऱ्याचदा आपली आपणच कमी होते. ओरडू नका, कधी चोखते ते आधी बघा, एवढंच सांगितलं.

म्हणून आठवडाभर नुसतं बघितलं. शाळेत नाही, खेळताना नाही. फक्त टीव्हीसमोर आणि झोपताना, आणि दोन्ही वेळेला डाव्या हातात आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, मऊ मऊ, दोन बोटांत चोळत बसायची. एकदा तो तुकडा धुवायला गेला तर अंगठा तोंडात घातला आणि मिनिटभरात स्वतःच काढला, जणू चव गेली. म्हणजे जोडी होती ती! मग दिवसा तुकडा कपाटात, आणि टीव्ही लागला की समोर शेंगांचं ताट, सोल बाई. अर्ध्या खाते, असू दे.

रात्रीसाठी कॅलेंडर. अंगठ्याशिवाय झोपली की सकाळी त्या तारखेवर माझी एक टिकली. झोपेत गेला तर धरायचा नाही हा नियम तिनेच केला, तेव्हा मी हळूच ओढून काढते, 'टॉक' असा आवाज येतो बाटलीचं बूच निघाल्यासारखा. पहिल्या आठवड्यात दोनच टिकल्या, आणि तिसऱ्या दिवशी बघते तर हिने पुढच्या रविवारपर्यंत ॲडव्हान्समध्ये लावून ठेवलेल्या! त्या काढताना जे रडणं झालं ते बिल्डिंगभर ऐकू गेलं असेल.

ह्या महिन्यात एकवीस झाल्यात. माझं पाकीट संपलंय, दोन दिवस ऑफिसला बिनटिकलीची जातेय. आज दोन पाकिटं आणणारे, एक तिला न दाखवता.