कोथरूड ते करामा, मार्गे वारा

तिकीट हातात घेऊन आईने हिशेब मांडला. "दहाला निघणार, पावणेबाराला दुबई. म्हणजे पावणेदोन तास! इथून साताऱ्याला जायला याहून जास्त वेळ लागतो." मग परतीचं तिकीट बघितलं : साडेबाराला सुटून पावणेपाचला मुंबई. "आणि येताना सव्वाचार? रस्ता चुकतो की काय?"

घोळ घड्याळाचा होता. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे जाताना खरे सव्वातीन तास, येताना पावणेतीन. तरीही अर्धा तास उरतोच. तो कुठला, हे मला विमानात बसल्यावर कळलं.

पण विमानापर्यंत पोचायचं होतं आधी. पुण्याहून थेट विमान होतं, पण त्या दिवशीचं भाडं बघून मी मुंबई धरली. पहाटे दोनला कॅब. अमृतांजन पुलाजवळ (पूल २०२० सालीच पाडला, नाव मात्र तिथेच उभं आहे) एक ट्रक बंद पडलेला, मागे लाल दिव्यांची माळ. ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, "विमान दहाचं आहे ना? मग झोपा." साडेसहाला टर्मिनल.

मुंबई-दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. मुंबईहून गुवाहाटी याहून लांब पडते! समुद्रच समुद्र, मग ओमानचे तपकिरी, सुरकुतलेले डोंगर, आणि लगेच खुर्च्या सरळ करा. समोरच्या पडद्यावर मी चित्रपट लावलाच नाही, नकाशाच बघत बसलो. उंची ३६,००० फूट, जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ७४० किलोमीटर. महिना जानेवारीचा. हिवाळ्यात या पट्ट्यात वर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो आणि आपण नेमके त्याच्या तोंडावर निघालेलो.

उतरल्यावर रांग, बॅगा, मग मेट्रोची लाल लाईन. युनियन ते बुरजुमान हा टप्पा खाडीच्या खालून जातो. मी लोणच्याची बरणी मांडीवर धरून बसलो होतो. ताईच्या करामातल्या दारात पोचलो तेव्हा तिथे एक वीस, म्हणजे आपले दोन पन्नास. घर ते घर जवळजवळ तेरा तास, त्यातलं विमान सव्वातीन. भाऊजी म्हणाले, "मुंबईत राहायला या, दुबई जवळ पडेल."

आठ दिवसांनी परतताना पुन्हा तोच पडदा. या वेळी ३७,००० फूट. (पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजार, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, म्हणजे समोरासमोर येणारी दोन विमानं एका उंचीवर नसतात.) वेग ९८०! विमान तसंच, समुद्र तोच, फक्त वारा आता पाठीशी. आईचा अर्धा तास इथे सापडला.

मुंबईत बॅगेची वाट बघत तिला फोन लावला. वाऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. तिने ती निमूट ऐकून घेतली.

"बरं, आत्ता किती वाजले?"

"पाच."

"आणि तिकडे?"

"साडेतीन."

"म्हणजे ताईचा चहा व्हायचाय अजून," आई म्हणाली. "तू घाटात सांभाळून ये."