तुम्ही विचारलंत म्हणून: संगणक असताना सरासरी कशाला काढायची?

"मॅडम, समीकरण संगणकाला दिलं की दोन सेकंदांत आलेख येतो. मग पर्टर्बेशनची ही पानंच्या पानं आकडेमोड कशासाठी?" पर्टर्बेशन म्हणजे मुख्य गतीत छोट्या बलांनी होणारा बदल टप्प्याटप्प्याने काढणं, आणि भराभर बदलणाऱ्या बलांची सरासरी घेणं हा त्यातलाच एक मार्ग. कंपनांचा विषय शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दर वर्षी कानावर येतो. विद्यार्थी विचारतात, कारखान्यात डिझाइन करणारे इंजिनिअरही विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उलटा लंबक घेऊ. हलक्या काडीच्या टोकाला वजन लावलं, दुसरं टोक बिजागरीत बसवलं आणि वजन वर येईल अशी काडी उभी केली, तर सोडताक्षणी ती पडणार. पण बिजागरीच जोरजोरात वर-खाली हलवत ठेवली तर काडी उभी राहते. बोटाने हलकेच ढकललं तरी डुलत डुलत परत सरळ होते. हे शक्य आहे असं अँड्र्यू स्टीफन्सन यांनी 1908 मध्ये दाखवलं होतं. 1951 मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापिट्झा यांनी त्यामागचं कारण इतकं स्वच्छ मांडलं की लंबकाला त्यांचंच नाव पडलं.

इथे घाईने सरासरी काढली तर फसगत होते. बिजागरी जेवढी वर जाते तेवढीच खाली येते, त्यामुळे तिच्या हलण्यातून येणाऱ्या बलाची एका फेरीतली सरासरी शून्य. मग ते बल खोडून टाकायचं का? खोडलं तर गणितातली काडी पडते आणि टेबलावरची उभीच राहते. चूक कुठे होते? बिजागरीच्या तालावर काडीचा कलही किंचित थरथरत असतो. बिजागरी अगदी वर असते तेव्हा कल थोडा जास्त असतो आणि नेमकं त्याच क्षणी बल काडीला सरळ करू पाहत असतं. बिजागरी तळाशी असते तेव्हा तेवढंच बल काडीला पाडू पाहतं, पण तेव्हा कल थोडा कमी असतो. कल जास्त तर बलाचा परिणामही जास्त. म्हणून बेरीज-वजाबाकी झाल्यावर सरळ करणारं थोडंसं शिल्लक राहतं, आणि तेवढ्यावर काडी उभी राहते. तेव्हा आधी ही थरथर किती ते काढायचं, ती समीकरणात घालायची आणि मगच सरासरी घ्यायची. या क्रमातच सगळं आहे, आणि वर्गात मी सर्वांत जास्त वेळ इथेच थांबते.

हाती येते ती एक ओळीची अट: बिजागरीचा सर्वाधिक वेग √(2gl) पेक्षा जास्त हवा (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, l म्हणजे काडीची लांबी). म्हणजे काडीच्या लांबीइतक्या उंचीवरून दगड सोडला तर तो ज्या वेगाने खाली आदळेल, त्याहून जास्त. 20 सेंटिमीटरच्या काडीसाठी हा वेग सेकंदाला जवळजवळ 2 मीटर. सुताराच्या जिगसॉसारखी एकूण 2 सेंटिमीटरची वर-खाली हालचाल असेल तर मिनिटाला सुमारे 1,900 फेऱ्या लागतील. वजन जड की हलकं, याचा अटीत उल्लेखच नाही. आलेखावरून मला एवढंच कळलं असतं की ही एक काडी, या एका वेगाला, उभी राहिली. पडत्या दगडाचा वेग त्यात आहे हे हजार आलेख काढूनही मला सुचलं असतं असं वाटत नाही.

या उत्तराला मुदत असते, हेही सांगायला हवं. 1930 च्या दशकात क्रिलोव्ह आणि बोगोलिउबोव्ह या गणितज्ञांनी कीव्हमध्ये सरासरीच्या या पद्धतीची शिस्तशीर मांडणी केली. साधारण नियम असा: बिघाड घालणारं पद एप्सिलॉनइतकं (एप्सिलॉन म्हणजे एक अगदी छोटी संख्या) लहान असेल, तर चूकही एप्सिलॉनच्याच घरात राहते, पण 1/एप्सिलॉन एवढ्या काळापर्यंतच. पुढची हमी वेगळी मिळवावी लागते.

आणि संगणकालाही सरासरी लागतेच. ग्रह कक्षेत एका जागी आहे असं धरण्याऐवजी त्याचं वस्तुमान कक्षाभर कड्यासारखं पसरवायचं, जिथे तो जास्त वेळ रेंगाळतो तिथे जास्त, ही युक्ती गणितज्ञ गाउसने 1818 मध्ये मांडली. 1989 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांनी सूर्यमालेची सरासरी काढलेली समीकरणं, तब्बल दीड लाख पदांची, संगणकावर 20 कोटी वर्षं चालवली. बुध 88 दिवसांत सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे थेट गणना करायची तर एकेक पाऊल फार तर काही दिवसांचं टाकावं लागतं. लास्कार यांचं पाऊल 500 वर्षांचं होतं. त्यातूनच आतल्या ग्रहांची गती केऑटिक, म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा फरकानेही पुढे पार बदलून जाणारी, असल्याचं दिसलं. हे काम मला अतिशय आवडतं.

सरासरी सर्वांत वाईट दगा देते ती अनुनादाजवळ, म्हणजे दोन वारंवारतांचं गुणोत्तर छोट्या पूर्ण संख्यांचं असतं तिथे. गुरूला एका प्रदक्षिणेला 11.86 वर्षं लागतात, शनीला 29.46. गुरूच्या 5 आणि शनीच्या 2 प्रदक्षिणा जवळपास एकाच वेळी पुऱ्या होतात, म्हणून एक बारकं पद सुमारे 900 वर्षांच्या मोठ्या हेलकाव्यात फुगतं. या दोन ग्रहांचं गणित निरीक्षणांशी का जुळत नाही, ते फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने 1785 मध्ये यावरूनच उलगडलं. सरसकट सरासरी काढली असती तर हे पद पहिल्याच ओळीत गळालं असतं. म्हणून कुणी समीकरण घेऊन आलं की मी आधी वारंवारतांची गुणोत्तरं मांडायला लावते. 5:2 सारखं काही दिसलं तर ते पद सरासरीबाहेर ठेवायचं आणि वेगळं सोडवायचं.