गोळी थांबवली की विषाणू येतो कुठून?

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्ही विषाणूचं प्रमाण, ‘आढळला नाही’ असा रिपोर्ट हातात पडला की एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर हमखास प्रश्न येतो: आता गोळ्या किती दिवस? थांबवायच्या नाहीत. थांबवल्या तर बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसतो. तो येतो कुठून, हाच कायमच्या इलाजातला खरा अडसर आहे.

एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशीत शिरला की आपली जनुकं तिच्या डीएनएत विणून टाकतो. त्यातल्या काही पेशी मग झोपी जातात. आपल्याकडची टीएलडी गोळी (तीन औषधं एकत्र असलेली) विषाणूची नक्कल रोखते. झोपलेल्या पेशीत नक्कलच चालू नसते, तर ती रोखणार काय? प्रतिकारशक्तीलाही ती पेशी निरोगीच वाटते.

झोपलेल्या पेशींचा हा साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात. शरीरात अशा दहा लाख पेशी धरा. शेवटच्या पेशीपर्यंत पोचायला साठा वीसदा निम्मा व्हायला हवा, म्हणजे 880 महिने, 73 वर्षं! त्यात या पेशी अधूनमधून विभागून स्वतःची संख्या वाढवतात, ते वेगळंच.

मोजणंही अवघड. साध्या पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, पुन्हा वाढू न शकणारे मोडके विषाणूही मोजले जातात, आणि साठ्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त मोडकेच असतात. उलट काहीच सापडलं नाही, तरी साठा संपला असं होत नाही. बोस्टनच्या दोन एचआयव्ही रुग्णांना कॅन्सरसाठी दुसऱ्याच्या मूळपेशी (रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी) दिल्या होत्या. साठा हजारपटीहून जास्त घटला, तपासण्यांत विषाणू सापडेना. 2013 मध्ये औषधं थांबवली. एकाला 12 आठवड्यांनी, दुसऱ्याला 32 आठवड्यांनी विषाणू परतला.

बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन हे रुग्ण अशाच मूळपेशी प्रत्यारोपणानंतर एचआयव्हीतून बरे झाले, कारण त्यांच्या दात्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारं सीसीआर५ हे दारच नव्हतं. पण ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होता म्हणूनच 2007 आणि 2008 मध्ये ते प्रत्यारोपण झालं. त्यात जिवाला एवढा धोका असतो की गोळीवर ठणठणीत असलेल्या माणसाला ते करणं योग्य नाही.

म्हणून कुणी ‘एचआयव्ही मुळापासून बरा करतो’ म्हणालं तर विचारा: औषधं बंद करून किती महिने झाले, आणि त्या काळात व्हायरल लोड किती वेळा तपासला? संशोधनात औषधं थांबवली की वारंवार रक्त तपासतात, विषाणू वाढला की गोळ्या लगेच सुरू करतात. घरी परस्पर थांबवू नका. 5,472 एचआयव्हीबाधितांवरच्या ‘स्मार्ट’ नावाच्या संशोधन चाचणीत सीडी४ पेशींची संख्या पाहून मधूनमधून औषधं थांबवणाऱ्या गटात मृत्यू वाढले, म्हणून 2006 मध्ये नवी भरती बंद करावी लागली.