कापसाच्या पेठेत एक दिवस : सव्हाना

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटाहून सव्हानाकडे जाणारा रस्ता मेकन शहर ओलांडल्यावर पूर्वेकडे वळतो आणि पुढे कितीतरी वेळ पाइनच्या राया आणि सपाट शेते यांच्यामधून सरळ धावत राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या दुपारी उजव्या हाताला अचानक पांढरे शिवार दिसले आणि मी पुढच्याच फाट्यावर गाडी महामार्गावरून खाली घेतली. पऱ्हाटी उभी होती, पण तिच्यावर एकही पान नव्हते, कारण यंत्राने वेचणी करण्याआधी इथे औषध फवारून पाने झडवतात. बांधाच्या कडेला यंत्रातून सांडलेला कापूस पडला होता. त्यातले एक बोंड मी उचलले. त्याची वाळलेली टोके बोटाला टोचली आणि अकोट तालुक्यातल्या आमच्या शेतात ओटी बांधून वेचणी करणाऱ्या आजीची खरबरीत बोटे आठवली. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला कापूस ओळखावा लागत नाही. ते बोंड मी खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी शहर पाहताना ते दिवसभर माझ्याबरोबर होते.

सव्हाना पाहायला लोक येतात ते तिथल्या चौकांसाठी. जेम्स ओगलथॉर्प हा इंग्रज अधिकारी १७३३ च्या फेब्रुवारीत नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला आणि त्याने जॉर्जिया वसाहतीचे हे पहिले गाव एका ठरीव आखणीने वसवले. मध्ये मोकळा चौक, उत्तरेला व दक्षिणेला राहत्या घरांच्या रांगा, पूर्वेला व पश्चिमेला चर्च किंवा सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या जागा, असा एक वाडा तयार करायचा आणि शहर वाढले की शेजारी तसाच दुसरा मांडायचा, अशी ती पद्धत होती. सुरुवातीला असे चार चौक होते, पुढच्या सव्वाशे वर्षांत ते चोवीस झाले आणि त्यांतले बावीस आजही जागेवर आहेत. नकाशात हे सारे काटेकोर दिसते, पण चालताना अनुभव वेगळाच येतो. दोन-तीन मिनिटे उन्हातून चालावे की समोर सावलीचा तुकडा येतो, तो ओलांडावा की पुन्हा ऊन आणि पुन्हा सावली. ही सावली लाइव्ह ओकची. हा ओक हिवाळ्यातही हिरवा राहतो आणि त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवरून राखाडी रंगाच्या जटा लोंबत असतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, मात्र ते शेवाळही नव्हे आणि स्पेनचेही नव्हे. ती अननसाच्या कुळातली वनस्पती असून झाडाचा फक्त आधार घेते आणि पाणी हवेतून व पावसातून मिळवते. सकाळी सात वाजता दव पडलेल्या त्या जटांमधून ऊन येत होते आणि एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. एकट्याने हिंडणाऱ्या बाईला इतके निर्धास्त वाटावे अशी ती जागा होती.

सर्वांत जुन्या जॉन्सन चौकात मी बराच वेळ बसले. मधल्या उंच स्तंभाखाली अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती नॅथेनियल ग्रीन याचे अवशेष आहेत. मला मात्र त्याची विधवा कॅथरिन हिची आठवण आली, कारण सव्हानाजवळच्या तिच्या मळ्यावर १७९३ मध्ये एलाय व्हिटनी या तरुणाने सरकी काढायचे यंत्र बनवले. आखूड धाग्याच्या कापसात सरकी धाग्याला घट्ट चिकटलेली असते आणि आपल्याकडच्या चरकीसारखे रूळ तिच्यावर नीट चालत नाहीत. व्हिटनीने रुळांऐवजी दाते लावले. दाते रुई ओढून अरुंद फटींतून पलीकडे नेतात आणि फटीपेक्षा मोठी सरकी अलीकडेच राहते. माझ्या खिशातल्या बोंडातली रुई मी बोटांनी सरकीपासून सोडवून पाहिली. एका सरकीला मिनिटभर लागला. हे काम यंत्रावर गेल्याबरोबर कापसाखालचे क्षेत्र वाढले, आणि लागवड, खुरपणी, वेचणी मात्र हातानेच राहिल्यामुळे राबणाऱ्या हातांची मागणीही वाढली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले होते. ज्या वसाहतीने १७३५ मध्ये गुलामगिरीला कायद्याने बंदी केली होती आणि १७५१ मध्ये ती बंदी उठवली, तिच्याच पहिल्या राजधानीत हे घडले. मार्च १८५९ मध्ये शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस भर पावसात ४३६ माणसे विक्रीला उभी केली होती, आणि त्या विक्रीच्या दलालाची पेढी याच चौकात होती. त्या दोन दिवसांना इथले कृष्णवर्णीय लोक ‘रडण्याचा काळ’ म्हणतात. मी बसले होते त्या चौकात मला या पेढीची खूण दिसली नाही.

चौकाच्या उत्तरेला बे स्ट्रीट आणि त्याच्या पलीकडे कडा संपतो. इथे इमारतींची एक विलक्षण रांग आहे. रस्त्याकडून पाहावे तर त्या दोन-तीन मजल्यांच्या दिसतात आणि नदीकडून पाहावे तर पाच मजल्यांच्या, कारण त्या कड्याला पाठ लावून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर कापसाच्या गाठींची गोदामे होती आणि वरच्या मजल्यांवर फॅक्टर म्हणजे अडते बसत. कड्यापासून कचेऱ्यांपर्यंत लोखंडी पूल टाकलेले आहेत. या पुलांवर उभे राहून अडते खालून जाणाऱ्या गाड्यांतला कापूस पाहत, असे सांगतात. मला अकोटच्या बाजारातला लिलाव आठवला. बंडीवर चढून व्यापारी मूठभर कापूस उपसतो, धागा ओढून लांबी बघतो, भाव पुकारतो आणि खाली उभा असलेला शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. पुलाखालच्या उतारावर जहाजांच्या तळातून आलेले दगड बसवलेले आहेत. माल न्यायला रिकामी येणारी जहाजे तोल राखण्यासाठी दगड भरून येत आणि ते इथे उतरवून कापूस भरून जात. त्या वेड्यावाकड्या दगडांवरून उतरताना जपून पाय टाकावा लागतो.

याच रांगेत लाल विटांची कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. १८८० च्या दशकातली ही इमारत रस्त्याच्या वर उभारलेली आहे आणि तिच्यासमोर पंख असलेला सिंह बसलेला आहे. आता तिथे कापसाचा व्यवहार होत नाही. मी तिच्यापुढे उभी राहिले तेव्हा मनात मुंबईचा विचार होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, नदीच्या मुखावरचा पुलास्की किल्ला उत्तरेच्या सैन्याने तोफांनी फोडला आणि या बंदरातून कापूस बाहेर जाणे जवळपास थांबले. दक्षिणेची सारी बंदरे अशीच अडवली गेल्यावर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाने गेला, मुंबईत समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी येताच पेढ्या आणि बँका कोसळल्या. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरखालून मी कॉलेजच्या दिवसांत रोज जात असे. त्या पैशाची एक बाजू या नदीवर आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

खाली रिव्हर स्ट्रीटवर आता मिठाईची आणि टोप्यांची दुकाने आहेत. तिथे मी फार रेंगाळले नाही. एका गाडीवर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या, मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या, अगदी आपल्यासारख्या, आणि शाकाहारी माणसासाठी दक्षिणेत तो मोठाच आधार आहे, कारण इथल्या पालेभाजीतही डुकराचे मांस घालण्याची रीत असल्याने प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे लागते. धक्क्यावर २००२ मध्ये उभारलेले कांस्य स्मारक आहे. आई, वडील आणि दोन मुले एकमेकांना बिलगून उभी आहेत आणि त्यांच्या पायांशी तुटलेल्या साखळ्या पडलेल्या आहेत. शेंगांची पिशवी हातात धरून त्यांच्यापुढे उभे राहणे मला बरे वाटेना, म्हणून ती मी बॅगेत टाकली.

दुपारी फ्रँकलिन चौकातल्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेले. या चर्चची मंडळी, म्हणजे उपासकांचा समुदाय, अठराव्या शतकातली आहे आणि आजची विटांची इमारत १८५९ मध्ये पुरी झाली, म्हणजे ती मोठी विक्री झाली त्याच वर्षी. मळ्यांवरचे आणि घरांतले दिवसाचे काम आटोपून रात्री येणाऱ्या लोकांनी ती बांधली. तळघरातल्या सभागृहाच्या लाकडी जमिनीत भोकांच्या नक्ष्या आहेत. मी गुडघ्यावर बसून पाहिले. करंगळी जेमतेम जाईल एवढी ती भोके चौकटीच्या आकारात मांडलेली आहेत आणि मध्ये फुली आहे. ही काँगो प्रदेशातली जन्म-मरणाच्या फेऱ्याची खूण आहे आणि जमिनीखालच्या पोकळीत लपलेल्या पळून आलेल्या माणसांना त्यांतून हवा मिळे, असे चर्चमधल्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले. त्या हळू आवाजात बोलत होत्या आणि बोलताना त्या भोकांवर पाय पडू देत नव्हत्या.

ओगलथॉर्प चौकावरचे ओवेन्स-थॉमस घर १८१९ मधले आहे. देखणा दर्शनी भाग, नळाचे पाणी, वरच्या मजल्यावर जिन्यावरून जाणारा छोटा पूल, हे सारे पाहण्यासारखे आहेच, पण मी त्या खोल्यांतून लवकर बाहेर पडले. बागेच्या मागच्या टोकाला गुलामांच्या राहण्याच्या खोल्या आहेत आणि त्यांच्या छतावर निळा रंग अजून शिल्लक आहे. नीळ, चुना आणि ताक कालवून तो करत आणि त्याने भुतेखेते घरात येत नाहीत अशी त्यांची श्रद्धा होती. तुळयांच्या कडांना रंग पुसट झाला आहे, कोपऱ्यांत मात्र दाट आहे. घराच्या मालकांनी लावून घेतलेला नक्षीदार गिलावा मला फारसा आठवत नाही, हा निळा मात्र आठवतो.

मॅडिसन चौकावरच्या ग्रीन-मेल्ड्रिम घरापाशी मी दिवसातला सर्वांत जास्त वेळ थांबले. चार्ल्स ग्रीन हा इंग्लंडातून आलेला कापसाचा व्यापारी होता आणि लोखंडी जाळीदार ओटीचे हे गॉथिक घर त्याने त्या कमाईतून बांधले. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन शहरात आला आणि इथे मुक्कामाला राहिला. २२ डिसेंबरला त्याने राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार करून सव्हाना शहर नाताळची भेट म्हणून दिले आणि सोबत १५० अवजड तोफा, भरपूर दारूगोळा आणि कापसाच्या सुमारे २५,००० गाठी असल्याचे कळवले. तारेत गाठी मोजलेल्या आहेत. माणसांचा उल्लेख त्या तारेत नाही.

तो उल्लेख तीन आठवड्यांनी, याच घरात झाला. १२ जानेवारी १८६५ रोजी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी भेटीला बोलावले. दुपारी मी ज्या चर्चमध्ये गेले होते तिथले पाळक विल्यम कॅम्पबेल त्यांत होते. सर्वांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. त्यांचे वय सदुसष्ट होते आणि त्यांनी आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर सोन्याचांदीत मोजून स्वतःची आणि बायकोची सुटका विकत घेतली होती. तुम्हा लोकांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी काय हवे, असे विचारल्यावर त्यांनी जमीन मागितली, जी आम्ही आमच्या श्रमाने कसू आणि पुढे विकत घेऊ. चार दिवसांनी शर्मनने हुकूम काढून किनाऱ्यालगतची जमीन चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांत या लोकांना देऊ केली आणि सुमारे चाळीस हजार माणसे तिच्यावर वसलीही. लिंकन यांच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. पेरलेले शेत दुसऱ्याच्या नावावर होणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मी समोरच्या बाकावर बसून होते आणि पर्यटकांच्या गाड्या एकामागून एक येऊन, घराचे नाव सांगून पुढे जात होत्या.

तिथून दहा-बारा मिनिटांवर सूझी किंग टेलर चौक आहे. गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचे, जॉन कॅलहून याचे नाव या चौकाला होते. शहराने ते काढून २०२३ मध्ये या बाईंचे नाव देण्याचा निर्णय घेतला. टेलर १८४८ मध्ये गुलाम म्हणून जन्मल्या, सव्हानात चोरून चालणाऱ्या शाळेत लिहायला शिकल्या आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षीच मुक्त झालेल्या मुलांना शिकवू लागल्या. त्यांच्या जन्माच्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यातली शाळा उघडली होती. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. शाळेत असताना ती अर्पणपत्रिका मी पाठ केली होती. त्या चौकात, नावाच्या नव्या पाटीखाली, मी ती हळू आवाजात म्हटली. आजूबाजूला कोणी नव्हते.

संध्याकाळी फुकट चालणाऱ्या बसने नदीवर परतले. पलीकडच्या बेटावर जाणारी छोटी बोटही फुकट आहे आणि त्या बोटींना सव्हानाच्या स्त्रियांची नावे दिलेली आहेत. मला मिळाली तिचे नाव सूझी किंग टेलर हेच होते. बोट मध्यावर आली तेव्हा कंटेनरांनी लादलेले एक अजस्र जहाज बंदराकडून समुद्राकडे चालले होते आणि आमच्या नावाड्याने त्याला वाट देण्यासाठी वेग कमी केला. जॉर्जियातला कापूस अजूनही याच नदीने बाहेर जातो. टेक्सासखालोखाल देशात सर्वाधिक कापूस याच राज्यात होतो.

साडेसहाला मी घरी फोन लावला. अकोटला पहाटेचे पाच वाजले होते आणि बाबा उठलेले होते. मी दिवसभर काय पाहिले ते सांगत होते आणि ते ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, “तिकडं कापूस रायते का वं अजून?” रायते, मी म्हटले, आणि खिशातल्या बोंडाबद्दल सांगितले. किती पाकळ्या आहेत, धागा किती लांब आहे, सरकी काळी आहे का केसाळ, असे एकेक विचारत ते गेले आणि मी धक्क्यावरच्या दिव्याखाली बोंड उघडून उत्तरे देत राहिले. पाच पाकळ्या होत्या. एक उलगडून मी धागा दोन बोटांत ताणला आणि त्यांना सांगितले की तो आपल्या कापसापेक्षा थोडा लांब वाटतो.

“अन् भाव काय हाये?” त्यांनी विचारले.